कोळीवाल्या मॅडम

रझिया मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या गुलाबाला चापट्या मारताना.

उस्मानपुऱ्यातल्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. सामान अजून पोत्यांतून निघालं नव्हतं आणि गुलाबाची कुंडी तात्पुरती जिन्याखाली ठेवली होती. सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर साठी ओलांडलेली एक बाई, डोक्यावरून ओढणी घेतलेली, एका हातात पांढरा कागद धरून दुसऱ्या हातानं माझ्या गुलाबाच्या फांदीला टपाटपा मारत होती. मी मुळातच तोंडाळ. म्हटलं, "ओ बाई, त्या झाडानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"श्श! हलू नका, सावली पडते." त्यांनी मान वर केलीच नाही. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग डोळ्याला लावलं, कागद नाकापाशी नेला आणि लहान पोरीसारख्या हसल्या. "या, या, इकडं बघा. अरे, कैसा चलरा देखो!"

मला कागदावर नुसती धूळ दिसली. मग त्या धुळीतला एक कण चालायला लागला. त्याच्यामागून दुसरा निघाला. माझ्या अंगावर काटा आला.

"लाल कोळी," मॅडम म्हणाल्या. "पानाच्या खालच्या बाजूला बसून रस पितात. म्हणून तुमच्या गुलाबाचा चेहरा असा उतरलाय. किती गोड आहेत ना?"

माझ्या गुलाबाचा जीव पिणारे गोड! मी मनात म्हटलं, शेजार तर भारीच मिळाला.

मॅडम तळमजल्यावर एकट्या राहायच्या. मुलींच्या एका कॉलेजात त्यांनी प्राणिशास्त्र शिकवलं होतं आणि उभा जन्म या एका जिवामागं घातला होता. घराच्या कोपऱ्यात जाळं विणतो तो कोळी हा नव्हे; त्याचा अगदी बारका भाऊबंद. सुईच्या टोकावर मावेल एवढा. "पण पाय आठ! मोजा तुम्ही," त्या सांगायच्या. "किड्याला सहा असतात. याला किडा म्हणू नका, राग येतो त्याला." इमारतीतली पोरं पाठीमागं त्यांना 'कोळीवाल्या मॅडम' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं, कारण एकदा त्यांनी स्वतःच दारावरच्या पोरग्याला विचारलं होतं, "काय रे, कोळीवाल्या मॅडमचं कुरिअर आलं का?"

कुठंही जावं, त्यांचा हात आधी पानाकडं जायचा. दवाखान्यात गेल्या की डॉक्टरांच्या आधी तिथला मनीप्लांट तपासायच्या. माझ्या नणंदेच्या लग्नात नवरदेवाच्या घोड्यासमोर वऱ्हाड नाचत होतं आणि मॅडम मांडवाच्या खांबाला बांधलेल्या केळीचं पान उलटं करून उभ्या. रोज गाडा घेऊन येणारा भाजीवाला त्यांच्यासाठी सडकी-किडकी वांगी पानासकट बाजूला ठेवायचा. "मॅडम, आज लई खराब माल आलाय, तुमच्यासाठी राखून ठेवलाय," तो अभिमानानं ओरडायचा आणि मॅडम लगबगीनं बाहेर यायच्या. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "पान उलटं करा, मग बोला." हे त्या झाडांपुरतं ठेवत नसत. कुणी सुनेच्या कागाळ्या सांगायला लागलं तरी हेच. माझा घरी शिवणक्लास आहे. एकदा एक मुलगी पार वाकडी बाही शिवून बसली म्हणून मी तिला फैलावर घेत होते, तर मॅडम दारातून आत आल्या, बाही हातात घेऊन उलटी केली आणि म्हणाल्या, "सुनंदा, कापताना तूच खूण चुकीच्या बाजूला केलीयेस." मुलींसमोर! पण खूण खरंच चुकलेली होती. मी चहा टाकला.

त्यांचा माझा असा घरोबा झाला होता, तेवढ्यात माझ्या भावाच्या काकडीवर संकट आलं.

माझं माहेर देवगाव रंगारीचं. धाकटा भाऊ प्रकाश वाळूजला एका कंपनीत मशीनवर होता. मशीन, शिफ्ट, खोली, झोप. दर दिवाळीला घरी यायचा तेव्हा मला वाटायचं, पोराचं हसणं कुठं सांडलं? मग एका वर्षी त्यानं नोकरी सोडली आणि गावाकडं हिरव्या जाळीचं शेडनेट उभं केलं. सुतळीवर चढवलेले काकडीचे वेल दाखवताना त्याचा आवाज बदलायचा, अगदी लहानपणी पतंग दाखवताना व्हायचा तसा. आमच्या वडिलांना, आबांना मात्र हे थेर वाटे. त्यांनी त्याला एक हंगाम दिला होता. काकडी साधली तर ठीक, नाही तर जाळी उतरवायची आणि पुन्हा वाळूजची वाट धरायची. आबा एकदा बोलले की बोलले. आमच्या घरात त्यावर अपील नाही.

भर उन्हाळ्यात प्रकाश माझ्याकडं आला तो एका पिशवीत पानं घेऊन. पानांवर पिवळसर ठिपकेच ठिपके, कडा वाळलेल्या. "ताई, चार डाव फवारलं. दुकानदारानं दिलं ते समदं फवारलं. जेवढं फवारायलो तेवढं वाढायलंय," तो म्हणाला. डोळे लाल झाले होते त्याचे.

मी त्याला थेट तळमजल्यावर नेलं. मॅडमनी पान उलटं केलं. भिंग लावलं. मग भिंग त्याच्या हातात दिलं. "तूच बघ. बारीक जाळी दिसते? त्यात काचेच्या मण्यांसारखं गोल गोल? ती अंडी."

"आयला!" प्रकाश म्हणाला आणि जीभ चावली. मॅडम खूश झाल्या.

"आता सांग, फवारलं काय?" त्यानं नावं सांगितली. मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. "हौ, मग बरोबर. ही सगळी किड्यांची औषधं. याला आठ पाय आहेत बाबा, याचं काही वाकडं होत नाही त्यांनी. पण याला खाणारे असतात ना, बारके काळे भुंगेरे, दुसरे कोळी, ते मेले. तू यांच्या गावातले सगळे पोलीस मारून टाकलेस." मग त्यांनी कागदावर पान झटकलं आणि जे सांगितलं ते मी आजतागायत विसरले नाही. "जो सावकाश चालतो, तो पान खातो. जो पळतो, तो त्याला खातो. पळणाऱ्याला मारू नको."

त्या पानावर पळणारा एकही नव्हता.

मॅडमनी सांगितलं, आधीची सगळी औषधं बंद. कोळ्यांचंच औषध, तेही एकदाच, कारण तेच तेच मारलं की कोळी त्याला सरावतात. सकाळच्या पारी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा. फार खराब झालेली पानं तोडून तिथल्या तिथं पिशवीत बंद करायची. प्रकाशनं सगळं केलं. आठवडाभर बरं वाटलं. मग त्याचा फोन आला. "ताई, पुन्हा आलेत. आता तर पार दुसऱ्या टोकापर्यंत. आबा सकाळी म्हणाले, जाळी सोडायला माणसं सांगू का. सांग तुझ्या मॅडमला."

मी धावत खाली गेले आणि सांगितलं. मॅडमचे डोळे चमकले. "पुन्हा आले? अरे वा! मला वाटलं होतं तसं झालंच नाही. छान!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "छान? माझ्या भावाचं सगळं हातचं चाललंय आणि तुम्हाला छान वाटायलंय? तुमच्यापाशी माणसाला किंमत आहे का नाही? का आठ पाय लागतात त्यालाही?"

बोलून गेले. मॅडमनी भिंग ओढणीच्या टोकानं पुसलं. बराच वेळ पुसत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सुनंदा, मला लवकर रडता येत नाही गं. म्हणून मी बघते. उद्या जाऊ आपण देवगावला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही गेलो. शेडनेट रस्त्याच्या कडेला आहे. त्या रस्त्यावरून खडीचे टिपर सतत जातात आणि धुळीचे लोट उठतात. रस्त्याकडच्या कोपऱ्यात आमच्या घराण्याचा म्हसोबा आहे, शेंदूर लावलेला दगड. देव हलवायचा नाही म्हणून प्रकाशनं देवासकट जाळी बांधली होती आणि आबांच्या सांगण्यावरून दारही तिथंच ठेवलं होतं. आत शिरायचं ते देवापासून. आधी उदबत्ती, मग त्याच ओळीपासून कामाला सुरुवात. आबांच्या आबांपासूनची रीत.

मॅडम आत आल्या आणि पिशवीत हात घातला, तर कागद घरीच राहिलेले. इकडंतिकडं बघितलं. समोर आबा उभे, डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी.

"आबा, टोपी देता का जरा?"

मी जागच्या जागी थिजले. प्रकाशनं माझ्याकडं बघितलं. आमच्या आबांची टोपी मागणं म्हणजे काय, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार! आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाच्या टोपीला हात लावला म्हणून भावकीतली बोलणी बंद झालेली आहेत. आबा त्यांच्याकडं बघत राहिले. मॅडमनी हात पुढं केलेलाच होता, निरागस. आणि आबांनी दोन्ही हातांनी टोपी काढून त्यांच्या हातात दिली. आबांचं टक्कल मी मोकळ्या हवेत क्वचितच पाहिलं होतं.

मॅडमनी टोपी उलटी धरून वेल झटकला. पांढऱ्या कापडावर तांबूस ठिपके चालायला लागले. "बघा आबा." आबा वाकले. "आरं तिच्या! हे समदं जित्तं हाय?" बस. त्यानंतर आबा त्यांच्या मागं मागं फिरायला लागले, हातात टोपी घेऊन, एकेका वेलाखाली स्वतःच धरत.

मॅडमनी ओळीमागून ओळ बघितली. सर्वांत वाईट म्हसोबाचा कोपरा. ते धुळीमुळं, त्या म्हणाल्या, कोळ्यांना धूळ आणि ऊन मानवतं. पण तिथून ते थेट दुसऱ्या टोकाला गेले कसे? "यांना पंख नाहीत. एवढ्या लवकर चालत जाणार नाहीत. वारा जाळीनं अडवलाय. मग नेलं कुणी?" हे त्या स्वतःशीच दहादा बोलल्या. दुपारी कामावरच्या बायांबरोबर भाकरी-ठेचा खायला बसल्या तरी तेच. आमच्याकडं शेतात बाया साडीवर पुरुषी फुलबाह्यांचा शर्ट घालतात. मॅडम घास हातात धरून एकीच्या बाहीकडं बघत राहिल्या. मग उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि बाही भिंगाखाली धरली.

"अव्वा, मॅडम माझी बाही काय बघायल्यात?" ती बाई लाजून म्हणाली. बाकीच्या खदखदून हसल्या.

"सकाळी कुठल्या ओळीपासून सुरू करता तुम्ही?"

"देवापासून की. रोजच."

मॅडम उभ्या राहिल्या. "या अल्ला," त्या पुटपुटल्या, "यांनीच नेले." रोज सकाळी बाया सर्वांत आजारी कोपऱ्यातून निघायच्या, वेल बांधत, फुटवे काढत, आणि बाह्यांना लागलेले कोळी ओळीओळीनं शेवटपर्यंत पोहोचवायच्या. औषधानं जेवढे मरायचे, तेवढेच सकाळी पुन्हा नेऊन ठेवायच्या.

म्हणजे उलट जायला हवं होतं. दार पलीकडच्या टोकाला, काम चांगल्या ओळीपासून सुरू आणि शेवट म्हसोबापाशी. प्रकाशला ते लगेच पटलं. पण आबांना सांगणार कोण? मी तर मान खाली घातली. मॅडमनीच सांगितलं.

आबांचा चेहरा कठीण झाला. "देवाला मागं ठेवून आत शिरायचं? आमच्यात नाय चालत ते."

मला वाटलं, संपलं. आता जाळी सुटली. प्रकाश पायाखालच्या मातीकडं बघत उभा होता आणि मला त्याच्याकडं बघवेना.

मॅडम आबांशेजारी बांधावर बसल्या. "आबा, एक विचारू? सकाळी देवापाशी किती वेळ बसता?"

"बसतो कुठं? उदबत्ती लावायची नि पळायचं. कामाची घाई असतीय."

"तेच तर म्हणते मी. घाईघाईनं आधी भेटण्यापेक्षा कामं आटपून, हातपाय धुऊन, निवांत भेटा की. मी नमाजला बसते तेव्हा गॅसवर दूध ठेवून बसत नाही. चित्त राहत नाही."

आबा टोपी झटकून उठले. आम्ही संध्याकाळच्या गाडीनं परतलो. वाटेत मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी चुकीचं बोलले का गं? देवाचं बोलायला नको होतं." मी म्हटलं, "टोपी मागितलीत तेच जास्त होतं." मग ती टोपीची भानगड त्यांना समजावून सांगितली. त्या इतक्या शरमल्या की पार उस्मानपुरा येईपर्यंत ओढणीत तोंड लपवून बसल्या.

सकाळी प्रकाशचा फोन. "ताई, आबांनी इळा घेतला नि पलीकडच्या अंगाला जाळी सोताच कापली. बाहेरूनच म्हसोबाला हात जोडले, नि मागच्या दारानं आत गेले."

मी त्या दिवशी क्लासच्या मुलींना सुट्टी दिली आणि पांढऱ्या मांजरपाटाचे शर्ट शिवायला बसले, फुल बाह्यांचे, मनगटाला घट्ट. कल्पना मॅडमचीच. हे शर्ट फक्त म्हसोबाच्या कोपऱ्यातल्या कामाला, तिथंच खुंटीवर टांगायचे, आणि पांढऱ्यावर कोळी चालताना दिसतील हा वरचा फायदा. मॅडम शेजारी बसून काजं करत होत्या. काजं त्यांची भयंकर वाकडी. मी उसवून पुन्हा केली, त्यांना कळू दिलं नाही.

प्रकाशनं रस्त्याकडच्या कडेला पाणी मारून धूळ बसवली. कोपऱ्यातले काही वेल उपटून, पिशवीत बांधून पुरावे लागले. काकडी सगळी वाचली नाही. पण पलीकडच्या ओळी सुधारल्या आणि एक दिवस त्यानं मॅडमना फोन केला: "मॅडम, पळणारे दिसायलेत." मॅडमनी फोन ठेवला आणि मला घट्ट मिठी मारली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी म्हटलं, "रडता येत नाही म्हणे!" तर म्हणाल्या, "धूळ गेली."

हंगाम संपला. आबा काय ठरवतात म्हणून आम्ही सगळे जीव मुठीत धरून होतो. विचारायची छाती कुणाची होत नव्हती. एके दिवशी दुपारी आबा शहरात कामासाठी आले आणि माझ्याकडं टेकले. पाणी प्यायले. मशीनकडं बघत म्हणाले, "ते पांढरे शर्ट फाटलेत गं. आणखीन शिवून ठेव. पुढच्या खेपेला लागतेल."

पुढच्या खेपेला! मी पायात चप्पल न घालता जिना उतरले. मॅडमना सांगितलं की प्रकाश राहिला, वाळूज टळलं, आबांनी स्वतःच्या तोंडानं शर्ट मागितले. मॅडम हसल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ते झालंच. पण कोपऱ्यात आता कोण आहे, चालणारे का पळणारे? ते विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. मला पुन्हा वर पाठवलं.

गेल्या पावसाळ्यात मॅडमच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेताना त्यांनी गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं. "तुझ्यापाशी असू दे. तिथं सगळं धुऊन-पुसून ठेवलेलं असतं, बघायला काही मिळायचं नाही." त्या घरी परत आल्या नाहीत. हैदराबादहून भाचा आला, त्यानं सगळं केलं. मी जिन्यात बसून रडले. आईनंतर मी तशी कुणासाठी रडले नव्हते.

चार-पाच दिवसांनी आबा आले, प्रकाशला घेऊन. आबा हल्ली एसटीत बसत नाहीत, गुडघे दुखतात. पण आले. तळमजल्याच्या दाराला कुलूप होतं. दाराशेजारी माझा तोच गुलाब, मॅडमनी मला तो कधीच वर नेऊ दिला नव्हता. आबा कुलपाकडं बघत उभे राहिले.

मग आबा वाकले. डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी काढली, उलटी करून गुलाबाखाली धरली आणि फांदीला हळूच चापट मारली. टोपी डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. म्हाताऱ्या डोळ्यांना काही दिसेना.

"बघ गं," त्यांनी टोपी माझ्यापुढं धरली. "चालतंय का पळतंय?"

मी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. डोळे भरलेले, आधी काही नीट दिसेना. मग शिवणीपाशी एक तांबूस ठिपका दिसला. तो टोपीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरसर गेला.

"पळतंय, आबा."

"मंग राहू दे," आबा म्हणाले, आणि टोपी अलगद गुलाबाच्या पानांवर झटकली.